वितळता बर्फ, मलिंगार आणि पायरीवरचं मीठ

आयर्लंडमध्ये बर्फ बघायला यायचं म्हणताय? जरूर या. इथे बर्फ पडतो तेव्हा आधी हवामान खात्याची यलो वॉर्निंग येते, मग ऑरेंज, मग दुकानांतला पाव संपतो आणि सगळ्यात शेवटी, सवड मिळाली तर, बर्फ येतो. दोन बोटं उंचीचा. तेवढ्याने शाळा बंद, बस बंद, आणि टीव्हीवर एक माणूस मोजपट्टी बर्फात खुपसून दाखवतो.

आम्ही राहतो कॉर्कजवळ, रिंगास्किडीच्या औषध कंपन्यांपासून दहा मिनिटांवर. आमच्याकडे समुद्रामुळे बर्फ टिकत नाही, नुसता आडवा गारठा येतो. पण देशाच्या मध्यावर, मलिंगारला, त्या आठवड्यात खराखुरा बर्फ पडला आणि नेमकी तेव्हाच माझी नणंद प्राजक्ता तिथल्या हॉस्पिटलमध्ये बाळंत झाली. सिझर. मुलगी.

माझ्या सासूबाई या एकाच कामासाठी साताऱ्याजवळच्या त्यांच्या गावाहून आल्या होत्या. लेकीच्या बाळंतपणाला हजर राहायचं. त्या बाळंतपणाआधी आठ दिवस मलिंगारला जाणार होत्या, पण बाळाने घाई केली आणि बर्फाने रस्ता अडवला. तीन दिवस त्या आमच्या खिडकीशी बसून होत्या. व्हिडिओ कॉलवर नात बघितली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "फोनात काय कळतंय."

आता एकच गोष्ट उरली होती. लेक बाळाला घेऊन घरी येईल तेव्हा दारात उभं राहून भाकरतुकडा ओवाळायचा. फ्लूच्या साथीमुळे प्रसूती विभागात नवऱ्याशिवाय कुणालाच सोडत नव्हते, त्यामुळे पहिली भेट व्हायची ती त्या दारातच. डिस्चार्ज सोमवारी सकाळी. माझ्या नवऱ्याची प्लांटमध्ये शिफ्ट लागलेली. उरले कोण? अस्मादिक. बर्फावर गाडी चालवायचा माझा अनुभव शून्य, पण सूनबाईंना शून्यातूनच विश्व निर्माण करायचं असतं.

शनिवारी ऑरेंज उतरून यलो झाली. मी ऑफिसमधल्या एका आयरिश सहकाऱ्याला विचारलं, रस्ते कसे असतील? "ग्रँड," तो म्हणाला. नवीन वाचकांसाठी सांगते, या शब्दाला फसू नका. इथे जेवण ग्रँड असतं, मोडलेला हात ग्रँड असतो, आणि बंद पडलेला पूलही ग्रँड असतो. त्याचा अर्थ फक्त एवढाच की यावर आणखी बोलायची माझी इच्छा नाही.

रविवार: कॉर्क ते मलिंगार

रस्ता सोपा आहे. एम एटने पोर्टलीशपर्यंत, मग टलामोरवरून वर मलिंगार. मोटरवेवर दोन टोल लागतात, सुटे युरो हाताशी ठेवा. एरवी तीन तास, आम्हाला पाच लागले. गाडीत दोन पांघरुणं, थर्मास, फावडं (शेजाऱ्याचं), आणि सासूबाईंची पिशवी: ज्वारीचं पीठ, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, रांगोळीचा डबा.

कॅशेलपर्यंत सगळं हिरवंगार. सासूबाई खिडकीतून बघत म्हणाल्या, "कुठं हाय तुमचा बर्फ? पेपरात तर लई आलंय."

तिथे सर्व्हिस स्टेशनवर थांबलो. चहा साडेतीन युरो, त्यात बुडवलेली पिशवी एक आणि आपुलकी शून्य. सूप मात्र चांगलं मिळतं, सोबत काळसर ब्राऊन ब्रेड. सासूबाईंनी तो ब्रेड बोटाने दाबून पाहिला आणि "नाचणीची भाकरी जमली न्हाई वाटतं" असा निकाल दिला.

पोर्टलीशनंतर बर्फ दिसायला लागला. पण फोटोतला शुभ्र, मऊ, प्रेमगीतातला बर्फ विसरा. आम्ही पोचलो तेव्हा तो वितळायला लागला होता, आणि वितळायचीही त्याला घाई नव्हती. कुंपणाच्या सावलीत पांढऱ्या पट्ट्या, मधलं शेत चिखलाचं. रस्त्याच्या कडेला राखाडी लगदा, समोरच्या ट्रकने उडवला की थेट काचेवर. प्रत्येक गावात एक स्नोमॅन, मान वाकडी, गाजर खाली पडलेलं. आमच्या गाडीमागे लागलेल्या रांगेतले लोकही फार शांत होते, कारण मी चाळीसच्या वर जात नव्हते आणि या देशात हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी देणं.

मलिंगारला पोचेपर्यंत अंधार. साडेचार वाजले होते, पण जानेवारीत इथे सूर्यही अर्धवेळ नोकरी करतो. प्राजक्ताचा नवरा सचिन हॉस्पिटलमध्ये होता. त्याने सांगितल्याप्रमाणे किल्ली शेजारच्या नोएलकडून घेतली. नोएल साठी उलटलेला, एकटा राहणारा, उंच माणूस. बुटांवरून लोकरीचे मोजे चढवून तो दार उघडायला आला. मला वाटलं, म्हातारपण. तो म्हणाला, "घसरत नाही असं. दिवसा वितळतं, रात्री परत गोठतं. पडलेल्या बर्फाला नाही, या वितळलेल्याला घाबरायचं." मी मान डोलावली. हसू आवरून.

संध्याकाळी खिडकीतून वितळण्याचे आवाज येत होते. पन्हाळीतून थेंब, मग छपरावरून मोठा तुकडा घसरून धप्प. दर वेळी सासूबाई म्हणायच्या, "कोण आलं बघ." हळूहळू थेंब थांबले. बाहेर पारा उणे झाला होता. त्या मात्र स्वयंपाकघरात कपाटं उघडून पीठ, तवा, परात कुठे आहे ते बघून ठेवत होत्या. प्राजक्ता कपाटाला इथल्यासारखं प्रेस म्हणते. फोनवर तिने "परात खालच्या प्रेसमध्ये आहे" सांगितलं, तर सासूबाई इस्त्री शोधत बसल्या.

सोमवार: पायरी

आमच्या सासूबाई जगाच्या पाठीवर कुठेही असोत, पहाटे उठून दारात सडा घालतात. शेण नाही मिळालं, नुसतं पाणी. मग रांगोळी. कॉर्कला आल्यापासून रोज घालत होत्या, धो धो पावसातसुद्धा. मी एकदा म्हटलंही, "अहो आई, इथे सडा घालायचं काम देवानेच अंगावर घेतलंय." त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी थोडा जास्त घातला.

त्या सोमवारी तर नात यायची होती. त्यांनी खास, गारठा म्हणून, कोमट पाण्याचा सडा घातला. पायरीवर, पायरीखालच्या फरशीवर, थेट गाडी लावायच्या जागेपर्यंत. वर पोर्चच्या दिव्यात सुरेख रांगोळी काढली.

मी उजाडल्यावर गाडीतून लाडवांचा डबा आणायला दार उघडलं. पहिलं पाऊल पायरीवर पडलं, दुसऱ्याची गरजच लागली नाही. मी उताणी. कंबरेत कळ, डोक्याखाली आयर्लंड. बाजूला बघते तर रांगोळी जशीच्या तशी, वरून काच बसवल्यासारखी चकचकीत.

"पल्लवी! अगं बया, कशी पडलीस?" सासूबाई दारात.

"तिथेच थांबा! बाहेर पाऊल टाकू नका!" मी ओरडले. त्याच क्षणी फोन वाजला. सचिन. सुट्टी मिळाली, कागद झाले, आम्ही निघतोय. हॉस्पिटल तिथून गाडीने पाच-सात मिनिटांवर.

तेव्हा मला हसू सुचलं नाही. टाके घातलेली प्राजक्ता, हातात चार दिवसांचं बाळ, आणि दारात आम्ही स्वहस्ते तयार केलेली बर्फाची घसरगुंडी. मी सरपटत आत गेले आणि अक्कल गुंडाळून किटली लावली. गरम पाणी ओतू, वितळेल.

"नाही! नाही!" कुंपणापलीकडून नोएल ओरडला. आमचा गलका ऐकून तो आला होता, बुटांवर मोजे चढवून. आता ते मोजे मला फारच शहाणपणाचे वाटत होते. "पाणी ओतलं की परत गोठणार. आणि हे एवढं पाणी इथे सांडलं कसं?"

"सांडलं नाही. घातलं," मी म्हणाले.

"मुद्दाम?"

"स्वागतासाठी."

नोएलने एकदा त्या चकाकणाऱ्या फरशीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "जोरदार स्वागत होईल," तो म्हणाला आणि घरात जाऊन शेगडीतल्या राखेची बादली घेऊन आला. मलिंगारकडची जुनी पद्धत, पीटची, म्हणजे इथे शेगडीत जाळतात त्या दलदलीतल्या वाळवलेल्या मातीची, राख टाकली की पाय धरतो.

राख बघून सासूबाईंचा चेहरा बदलला. "लेकरू पहिल्यांदा घरात येतंय आन् दारात राख? न्हाई. फाटकाकडं टाक म्हणावं, दारात न्हाई."

मी भाषांतर केलं. नोएलने फाटकापासून राख पसरायला घेतली. पायरी उरली. "मग मीठ," तो म्हणाला. "माझं संपलंय, दुकानांतही नाही."

मी आत धावले. प्राजक्ताच्या प्रेसमध्ये इंडियन शॉपमधल्या मिठाच्या दोन पिशव्या होत्या. दारात येऊन एक फोडणार तोच सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"मीठ पायाखाली? खुळी का काय तू? सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी उचलाय लागतंय."

आमच्या आईनेही लहानपणी हेच सांगितलं होतं. दोन कण सांडले तरी मी बोटाने टिपून घ्यायचे. पण आता वाद घालायला वेळ नव्हता. "आई, तिच्या पोटाला टाके आहेत," मी म्हणाले. "हातात बाळ असणार."

त्यांनी पायरीकडे पाहिलं. मग रस्त्याच्या वळणाकडे. मग माझ्या हातातून पिशवी घेतली, दाताने फोडली, आणि दारातूनच मूठ मूठ मीठ फेकायला लागल्या. स्वतःच्या रांगोळीवर.

"आई, द्या, मी टाकते."

"तू नगं. तुझ्या माथी कशाला? मी उचलीन की. तवा सवडच सवड असंल."

बर्फ कुरकुर तडकायला लागला, तसा त्यांनी झाडूच्या दांड्याने ठोकला. दुसरी पिशवी फरशीवर गेली. नोएलची राख आणि आमचं मीठ मध्यावर भेटलं. गाडी वळणावर दिसली तेव्हा त्या आत पळाल्या, ज्वारीची भाकरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि पदर सावरून उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

सचिन बाळाची टोपलीसारखी सीट घेऊन उतरला. प्राजक्ता मागून, एक हात पोटावर. तिला त्या राख-मिठाच्या पायवाटेवरून नोएल कोपराला धरून घेऊन आला, एखाद्या चर्चमधल्या लग्नात वधूपिता आणतो तसा. ती पायरीवर उभी राहिली. घसरली नाही. मला एकदम रडू फुटलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, दोन बाजूंना टाकला. मग पायावर पाणी घालायला तांब्या उचलला.

"नाही!" मी, सचिन आणि नोएल, तिघं एका आवाजात, दोन भाषांत.

त्या दचकल्या. मग पाण्यात दोन बोटं बुडवून त्यांनी लेकीच्या डोळ्यांना लावली, आणि नातीच्या पायांना. "आली गं माझी बाय," म्हणाल्या. प्राजक्ता त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून "आई, आई" एवढंच म्हणत राहिली. सचिनने दार लावायला सांगितलं, कारण घरातली सगळी ऊब मलिंगारला वाटली जात होती.

मंगळवार आणि घरी

पर्यटकांच्या सोयीसाठी: मलिंगारमध्ये बघायला कॅनॉल आहे. वितळताना त्यावर पातळ पापुद्रा राहतो, आणि बदकं पोहायच्या ऐवजी चालतात, फार नाराज होऊन. तळ्याकडच्या वाटेवर धुकं. जवळ बेकरी आहे, गरम सॉसेज रोल घ्या. दोन दिवस पुरतात. कंबर दुखत असेल तर एक.

परतीचा रस्ता पूर्ण मोकळा होता. मी एकटीच आले, सासूबाई तिथेच राहिल्या. आठवडाभरात सगळीकडचा बर्फ गेला, यलो वॉर्निंग आता वाऱ्याची होती. या सहलीतून काय मिळालं? नीट बर्फ दिसला नाही. फोटो सगळे चिखलाचे. कंबर अजून वाकताना बोलते. जावं का, असं विचाराल तर नका जाऊ, आल्प्सला जा.

परवा प्राजक्ताचा फोन आला. नोएल सकाळी दारात येऊन उभा राहिला म्हणे, हातात टोपी घेऊन. त्याची मुलगी सिडनीला नर्स आहे, सहा वर्षांनी पुढच्या महिन्यात घरी येतेय. त्याने विचारलं, तुझी आई ते भाकरीचं करते, ते माझ्या मुलीसाठी करेल का? त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली.

सासूबाईंनी आधी विचारलं, "पोरीची आई कुठंय?" प्राजक्ताने सांगितलं. त्यांनी मांडीवरच्या बाळाचं टोपरं सारखं केलं. मग म्हणाल्या, "पुढल्या महिन्यात कवा? माझं तिकीट त्याच्या आधीचं हाय. फुडं ढकला म्हणावं."

एअरलाइनला फोन अर्थातच मी केला. पाऊण तास मी त्यांचं संगीत ऐकत होल्डवर होते. शेवटी पलीकडच्या मुलीने विचारलं, तारीख बदलण्याचं कारण काय नोंदवू? मी म्हणाले, "घरी लेक येतेय."