घारींचा उपास

आमच्या घरात बी.एस्सी. झालेला मी पहिला. तालुक्याच्या शाळेत शिकून मुंबईत आलो, अंधेरीतल्या एका औषधांच्या कारखान्यात नोकरीला लागलो आणि मरोळच्या बाजूला एका कोळीण मावशींच्या पोटमाळ्यावर राहू लागलो. आल्या आल्या तापाने पडलो, तेव्हा पेजेपासून कालवणापर्यंत सगळं त्यांनीच केलं. ते उपकार मी विसरलेलो नाही.

मावशी दारासमोरच्या शिरीषाच्या झाडाखाली मासे विकायच्या. गिऱ्हाइकाला मासा साफ करून दिला की कल्ले नि आतडी समोरच्या मोकळ्या जागेत भिरकावायच्या. वरून घार यायची आणि ती उचलून न्यायची. शिरीषाच्या शेंड्याजवळ काड्या, चिंध्या, तारांचे तुकडे असं गोळा करून घारींनी घरटं केलं होतं. १९८०च्या दशकातल्या त्या वर्षी त्यात दोन पिल्लं होती.

तेवढ्यात विमानतळ वाढणार अशी बातमी आली. भिंत आमच्या बाजूला सरकणार, मोकळी जागा आत जाणार, शिरीष तोडणार. शिवाय घारी इंजिनात जातात, म्हणून आसपासची घरटीही काढणार. वस्तीने कमिटी नेमून विरोध करायचं ठरवलं. कुणाला रस्त्याची काळजी होती, कुणाला धंद्याच्या जागेची. सभेत मावशी उभ्या राहिल्या.

"भिंतीचं तुम्ही बघा. माझ्या घारीची पोरं अजून उडाली नाहीत, त्यांचं काय?"

"मावशी, त्यांचं रेशनकार्ड काढा!" मागून कुणीतरी ओरडलं. सभा हसली. मावशी हसल्या नाहीत.

विमानतळाचे साहेब पाहणीला येणार, असं कळलं. आमच्या कमिटीच्या सेक्रेटरींनी शक्कल काढली. त्या सकाळी कोणीही आतडी टाकायची नाहीत. आकाश रिकामं दिसलं की घारींचा धोका कसला? सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. मावशींनी कुरकुरत का होईना, कचरा डब्यात झाकून ठेवला.

साहेब आले. त्यांना शिरीषाखाली खुर्ची दिली, चहा दिला, बशीत बटाटेवडे दिले. नेहमीच्या वेळेला घारी आल्या आणि त्यांना काही मिळेना. मग त्या कौलांवर उतरल्या, विजेच्या तारांवर बसल्या. आणखी आल्या. एरवी उंच असणाऱ्या घारी डोक्यावरून सूं करत जाऊ लागल्या.

"साहेब, इथे घारी तशा फारशा नाहीतच," सेक्रेटरी सांगत होते. त्याच क्षणी एकीने साहेबांच्या बशीतला वडा उचलला.

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. "या फारशा नाहीत?"

मावशी उठल्याच. "आज उपाशी ठेवल्यात ना त्यांना! रोज खातात नि वर जातात बिचाऱ्या. पोटात आग पडल्यावर तुम्ही काय केलं असतं?"

"मावशी, गप बसा ना," सेक्रेटरी कुजबुजले.

"तू गप रे! आधीच वाट लावलीस."

साहेबांना हसू आवरेना. मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेले दिसता. खरं काय ते सांगा."

सेक्रेटरींनी मला इंग्रजीत चार वाक्यं पाठ करायला दिली होती, इथे घारी नाहीतच अशी. ती सगळी खोटी ठरली होती. मी मराठीत म्हणालो, "घारी मासळीसाठी येतात, साहेब. विमानाला त्यांचा धोका आहे, हेही खरं. कचरा आम्ही नाल्यापलीकडे नेऊन टाकू. पण भिंत इथे आणू नका. ते जमत नसेल, तर निदान पिल्लं उडेपर्यंत झाडाला हात लावू नका."

सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. साहेबांनी मान वर करून घरटं बघितलं.

"भिंत माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "झाडाचं बघतो. पिल्लं उडाली की तुम्हीच ऑफिसात येऊन सांगायचं."

पुढे सह्या झाल्या, एक मोर्चाही निघाला. भिंतीचं काम थांबलं नाही, पण शिरीषापाशी येऊन अडलं. वस्तीतल्या बायका पाळीपाळीने माशांच्या कचऱ्याची झाकलेली पाटी नाल्यापलीकडे नेऊ लागल्या. बऱ्याचशा घारीही तिकडे गेल्या.

पिल्लं घरट्याच्या काठावर येऊन पंख झाडू लागली, मग फांदीवर. मावशी रोज विचारायच्या, "आहेत ना रे?" मी रोज "आहेत" म्हणायचो. एका रविवारी दोन्ही पिल्लं नाल्यावर आईच्या मागे गिरट्या घालताना दिसली. संध्याकाळी घरट्यात कोणी परतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मी कपडे करून निघालो, तेव्हा मावशींनी ओळखलं.

"आजच सांगायला पाहिजे का? त्या साहेबाला तिथून काय दिसतंय?"

"मी शब्द दिलाय, मावशी."

त्यांनी हातातला बोंबील साफ केला, दुसरा घेतला. "मग जा. पण म्हणावं, फांद्या त्या बाजूला पाडा. आमची कौलं फुटतील."

ऑफिसात साहेब एकटेच होते. मी म्हणालो, "उडाली."

"दोन्ही?"

"दोन्ही." कौलांचंही सांगितलं.

साहेबांनी मान हलवली आणि फोन उचलला.