खाली येताना ओरडणारा प्लॅटफॉर्म

प्लॅटफॉर्म खाली यायला लागला आणि आवाज सुरू झाला. पत्र्यावर ड्रिल मशीन टेकवावी तसा. वर साखळीने बांधलेला रिकामा ट्रक गदगदा हलू लागला. ऑपरेटर टेकचंदभाऊंनी थांबत थांबत प्लॅटफॉर्म जमिनीला लावला आणि ते केबिनमधून बाहेरच आले.

"मी आता नाही चालवत, साहेब. काही तुटलं मंग?"

गोंदियाजवळची राइस मिल. भरलेला ट्रक तिरपा उचलून मागून धान ओतणारा हायड्रॉलिक टिपलर. मी नागपूरहून आलेला सर्व्हिस इंजिनियर. गेटबाहेर धानाच्या ट्रकांची रांग, सारखे हॉर्न.

मिलमालक म्हणाले, "आवाजच तर आहे ना भाई! तो स्क्रू ढिला करून टाका."

स्क्रू काउंटरबॅलन्स व्हॉल्व्हचा होता. हा व्हॉल्व्ह म्हणजे उतारावरचा ब्रेक. वजन धरून ठेवतो आणि पंपाकडून प्रेशरचा इशारा आला की हळूहळू तेल सोडतो. स्क्रू ढिला केला तर आवाज कदाचित गेला असता, पण वजन धरायचं कामही गेलं असतं. प्लॅटफॉर्म वर असताना दोन बाया त्याच्याखाली सांडलेलं धान झाडत. मी नाही म्हटलं.

लाइनमधली हवा काढली. आवाज तसाच. फिल्टर बदलला. तसाच. गेजचा काटा इतका थरथरत होता की आकडा वाचता येईना. मालक पुन्हा पुन्हा येऊन विचारत, "हुआ क्या?" माझा पाना दोनदा हातातून निसटला.

टेकचंदभाऊ बघत उभे होते. "हा आवाज कवापासून होऊन राहिला, ते काऊन नाही विचारत तुमी?"

"कधीपासून?"

"तुमी नवा वॉल लावला तवापासून."

मला रागच आला. जुना गळत होता म्हणून पंधरा दिवसांपूर्वी नवा मीच बसवला होता. आटे जुळले होते, साइज जुळली होती. तरी स्टोअरमध्ये गेलो, जुना व्हॉल्व्ह पुसला आणि नंबर वाचला. त्याचा पायलट रेशो, म्हणजे इशाऱ्याला व्हॉल्व्ह किती चटकन उघडतो तो आकडा, तीन. माझ्या नव्याचा दहा. म्हणजे जरासा इशारा मिळाला की नवा सताड उघडत होता. वजन सुटायचं, प्रेशर पडायचं, व्हॉल्व्ह आपटून बंद व्हायचा. सेकंदात कित्येकदा.

बॉसला फोन करून चुकीचा व्हॉल्व्ह बसवल्याचं सांगितलं.

"ऑईल खराब आहे म्हणून सांग," बॉस म्हणाले. "चूक कबूल करू नकोस."

रिकामा प्लॅटफॉर्म उचलून टेकू लावले आणि आत टॉर्च मारला. सिलिंडर आणि व्हॉल्व्हमधल्या आखूड पाइपवर, वेल्डच्या कडेला, हादऱ्यांनी पडलेली केसाएवढी चीर. तेल पाझरत होतं. तो पाइप फुटला असता तर कोणताही व्हॉल्व्ह काही धरू शकला नसता.

मालकांना तिथेच बोलावून चीर दाखवली. "व्हॉल्व्ह चुकीचा बसला. मी बसवला."

ते गेटकडे वळून ओरडले, "गाड्या हाताने खाली करा! टिपलर बंद!"

पाइप नवा टाकला. जुन्या व्हॉल्व्हला नवं सील बसवलं. इशाऱ्याच्या लाइनमध्ये बारीक भोकाचा जेट घातला, म्हणजे इशारा हळू पोचतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक वर गेला, धान ओतलं, खाली आला. फक्त तेल वाहिल्याची सळसळ.

"आता बराबर," टेकचंदभाऊ म्हणाले आणि पुढच्या ट्रकला हात केला.

बॉस महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मी आता आधी रेशो वाचतो, आटे नंतर बघतो. आणि बिघाड कधीपासून आहे, हे मशीनवर रोज बसणाऱ्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत विचारतो.