भिंतवाल्यांच्या घरची मुलाखत

लोक त्यांना भिंतवाले म्हणत. घरोघरच्या कॉम्प्युटरना फायरवॉल बसवून देणं हा त्यांचा धंदा. बाहेरचं कोणी आत शिरू नये आणि घरातलं काही बाहेर फुटू नये, एवढंच काम, आणि ते चोख करत. गिऱ्हाइकाला घाबरवण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. "तुमचे फोटो आत्ता कोणीतरी बघत असेल," असं चहा पिता पिता सहज सांगायचं आणि समोरच्याच्या तोंडचं पाणी पळालं की शांतपणे बिस्किट उचलायचं.

स्वतःच्या घरी तर कहरच. कुठल्या देशाचा संशय आला की अख्खा देशच बंद, तिथलं काही आत येणार नाही आणि इथलं काही तिथे जाणार नाही. रोज सकाळी अडवलेल्यांची यादी ते बायकोला आणि मुलीला मोठ्याने वाचून दाखवत.

मुलीला परदेशात जाऊन समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करायचा होता. त्यासाठी पोरगी तीन वर्षं खपली होती. शेवटची मुलाखत व्हिडिओवर, सकाळी दहाला. दहा वाजून पाच मिनिटांनी तिने खोलीतून हाक मारली, "बाबा, लागत नाहीये."

"नेट झकास चालू आहे," पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले. "तिकडचीच बोंब असेल. थांब जरा."

ती चाळीस मिनिटं थांबली. मोबाइलला त्या घरात रेंज नव्हती. दुपारी मेल आली: आपण हजर राहिला नाहीत, जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे.

भिंतवाल्यांनी अडवलेल्यांची यादी उघडली. लाल रंगात एकतीस ओळी, सगळ्या मुलीच्याच कॉम्प्युटरवरून निघालेल्या. तो देश त्यांनी सोमवारी कुठल्याशा बातमीवरून बंद केला होता. मुलीची मुलाखत तिथूनच आहे हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. मग त्यांनी एकतीसच्या एकतीस ओळी पुसल्या आणि देश उघडून ठेवला.

संध्याकाळी मुलीने विचारलंच. "बाबा, आपली भिंत आड आली नसेल ना?"

त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "तूच बघ. एक ओळ तरी दिसते का? तुझ्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं असणार. घाईत होतं असं."

तिने यादी दोनदा वाचली. "हो, घाईत मीच काहीतरी दाबलं असेल," ती म्हणाली, आणि वर बापाचीच माफी मागितली.

पुन्हा तिने कुठेही अर्ज केला नाही. आता साधं बटण दाबायचं असलं तरी ती आधी विचारते, "बाबा, हे दाबू ना?" आणि हा माणूस हातातलं काम टाकून येतो, चष्मा लावून नीट बघतो आणि म्हणतो, "दाब."