पांढरी शेळी आणि साडूचा बोकड

माझ्या गुडघ्यांनी म्हैस विकायला लावली. म्हशीला रोज वैरणीचा भारा लागतो, आणि तो डोक्यावर घेऊन बांधावरून उतरताना माझे दोन गुडघे दोन दिशांना चालायला लागले, तेव्हा बायको म्हणाली, बास झालं. म्हैस गेली आणि गोठ्यात जागा झाली. गोठा म्हणजे काय, वर पत्रा आणि खाली दोन खुंटे. एका खुंट्याला बायकोची काळी शेळी, तिच्या माहेरून आलेल्या शेळीच्या नातीची नात. दुसरा खुंटा मोकळा. त्या मोकळ्या खुंट्यावरून आमच्या घरात जेवढं बोलणं झालं, तेवढं पोराच्या लग्नाच्या वेळी पण झालं नव्हतं.

वस्ती आमची नातेपुत्याच्या खालच्या अंगाला, माळाच्या कडेला. कॅनॉलचं पाणी आमच्या अलीकडंच दमतं. आमच्याकडं बाभळ, बोर, बांधावरची शेवरी आणि तुरीचं भुसकाट, एवढ्यावर जगेल ती शेळी. हे सगळ्यांना माहीत असून प्रत्येकाचा सल्ला वेगळा.

पोरगा पुण्याला असतो. तो मोबाईलवर चित्रं पाठवायचा. परदेशी जातीची शेळी, डोकं तांबडं, अंग गादीसारखं.

"आबा, हिचं वजन बघा की," म्हणाला.

"आपल्याला तिला काट्यावर चढवायचं न्हाय, बाबा. चहात दूध घालायचंय."

बायकोचं म्हणणं एकच, उस्मानाबादी घ्या. काळी, काटक, जुळी देणारी, मिळेल ते खाणारी. बोलणं खोटं नव्हतं. पण तीच गोष्ट माझ्या साडूनं सांगितली, आणि तिथं सगळं बिघडलं.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ओढ्याच्या पलीकडं त्याची वस्ती. दारात बारा महिने काळ्या शेळ्यांचा कळप आणि कडुलिंबाला बांधलेला एक काळा बोकड. शिवारातली प्रत्येक शेळी माजावर आली की त्याच बोकडाकडं जायची. त्यामुळं साडूचं बोलणं कसं, तर सगळ्या शिवाराचा व्याही असल्यासारखं. मेव्हण्याच्या नातवाच्या जावळाला पंगत बसली होती, तिथं तो म्हणाला, "पाव्हणं, दुसरीकडं कुटं हिंडताय? माझ्याकडची एक पाट घेऊन जावा. रंग पक्का हाय."

पाट म्हणजे विण्याअगोदरची तरणी शेळी. देतो म्हणाला ते चांगल्या मनानंच. पण सगळी सासुरवाडी ऐकत होती आणि मी वयानं थोरला साडू.

"काळी शेळी सांजच्याला हुडकावी लागती," मी म्हणालो. "मी पांढरी आणणार हाय. लांबनं दिसंल अशी."

"आणा की. पर तिला बोकड दाखवायला मग ओढा वलांडू नगा."

"तुमच्या दारात पाणी प्यायला सुदिक येणार न्हाय."

पंगत हसली. बायको वाढत होती. तिनं माझ्या पानात भात वाढला आणि आमटी न वाढता पुढं गेली.

आता पांढरी म्हणजे संगमनेरी. पुस्तकात बघा किंवा मोबाईलवर बघा, दुधाला चांगली, अंगानं बेताची, मांसाला पण वाईट नाही. मी बाजारात हिंडलो. एक व्यापारी गळ्यात पडून उंच, लोंबत्या कानांची शेळी दाखवत होता. कान एवढे लांब की खाली मान घातली तर कानच आधी चारा खातील. मी म्हणालो, आमच्या बाभळीत ही गेली तर हिचे कान तिथंच राहतील आणि शेळी तेवढी घरी येईल. तो म्हणाला, "मग बाभळ तोडा." जनावर विकायचं म्हणून माणसं काय काय तोडायला लावतील त्याचा नेम नाही.

शेवटी एका धनगराच्या कळपात ती दिसली. पांढरी स्वच्छ, शिंगं मागं वळलेली, पहिल्या वेताला तयार. मी दावं हातात घेऊन बाजाराच्या कडेनं तिला चालवून बघितली. मी थांबलो की ती थांबायची, चाललो की चालायची, आणि पुढं ओढायची नाही. कास, वजन, दात हे सगळं नंतर बघितलं. माझ्या गुडघ्यांच्या चालीनं चालणारी शेळी मिळाली, एवढ्यावर माझं ठरलं.

घरी आणली. बायकोनं कमरेवर हात ठेवून तिला सगळीकडनं बघितलं.

"दिसायला चांगली हाय," म्हणाली. "पर हितं बोकड कुटला दावणार?"

"बघू की."

"बघू न्हाय. खुंटं दोनच हायती. दिवाळीपतुर ही गाभण राहिली तर ऱ्हाईल. न्हाय राहिली तर बाजारात जाईल, आणि मग त्या खुंट्याला काय बांदायचं ते मी ठरवीन."

मी व्हय म्हणालो. पाऊसकाळ नुकताच लागला होता, दिवाळी लांब होती. आणि बायको आपल्याला अट घालते म्हणून मागं सरकणारा माणूस मी नाही.

मग त्या शेळीनं मला लावला लळा. बायकोची काळी सकाळी सुटली की शेवरीवर निम्मी चढलेली असायची, मागचे दोन पाय जमिनीवर आणि बाकीची शेळी झाडात. पांढरीला ते शोभायचं नाही. ती खाली उभी राहून काळीनं पाडलेला पाला खायची. बायको म्हणायची आळशी हाय, मी म्हणायचो पद्धतशीर हाय. चिखल लागला की मी तिला पाण्यानं पुसायचो, कारण पांढरं जनावर घाण ठेवून कसं चालेल. दुपारी मी बाजेवर पडलो की ती बाजेच्या पायाला अंग घासून बसायची. म्हैस कधी अशी बसली नव्हती. बसली असती तर बाज राहिली नसती.

श्रावणात ती माजावर आली. चारा सोडला, शेपूट हलवायला लागली, आणि ओरडणं असं की रस्त्यावरच्या माणसानं विचारावं, कुणी मारतंय काय. काळ्या बोकडाचा वास वाऱ्यावर ओढ्यापलीकडनं यायचा, तिकडं तोंड करून ओरडायची.

मी म्हणालो, पांढरीला पांढराच. चार ठिकाणी फोन केले तेव्हा कळलं, अकलूजच्या अंगाला एका बागायतदाराकडं संगमनेरी बोकड आहे. दुसऱ्या दिवशी छोटा टेम्पो ठरवला, शेळी आणि मी मागं बसलो. वाटेत खड्डे, शेळीचं तोंड माझ्या मांडीवर. पोचलो तोवर तिचा माज उतरला होता. बोकड आला, हुंगला, आणि तिनं त्याला अशी धडक दिली की बागायतदार म्हणाला, "आजोबा, ही लगीन मोडायला आलीया का काय?" उसाच्या कडेला उभं राहून त्याचं हसणं मी ऐकलं आणि परत टेम्पोत बसलो.

पुढच्या वेळी माज आला तो रात्रीपासून धो धो पाऊस असताना. ओढ्याला पाणी, रस्ता बंद. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला फोन केला. भला माणूस. म्हणाला, गाईम्हशीला रेतनाची कांडी भरून देतो, पण तुमच्या शेळीच्या जातीची माझ्याकडं नाही. दोन दिवस शेळी ओरडली, दोन दिवस मी घरातल्या घरात फिरलो. बायकोनं एक शब्द काढला नाही. हे तिचं लई वाईट आहे. बोलली असती तर भांडता आलं असतं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं ते सांगतो. जातीचे तक्ते छापतात. दूध किती, वजन किती, कान कसे. पण दोनचार शेळ्यांच्या माणसाला स्वतःचा बोकड पाळणं परवडत नाही, एका शेळीसाठी कोण त्याला वर्षभर खायला घालणार. म्हणून त्यानं आधी बघावं की चालत जाता येईल एवढ्यावर बोकड कुणाचा आहे. ती तुमची जात. बाकी सगळं नंतर. आणि हे तक्त्यात नसतं, कारण तक्ता करणाऱ्याला साडू नसतो.

दिवाळी आता तोंडावर आली होती. पणत्या बाजारात दिसायला लागल्या, आणि एका सकाळी शेळीनं पुन्हा चारा सोडला. ही शेवटची वेळ. ही गेली की पांढरी बाजारात. मी तिच्याजवळ बसलो. तिनं माझ्या टोपीवर हनुवटी ठेवली आणि कानात ओरडली.

मी उठलो, दावं सोडलं. बायको चुलीपुढं होती.

"कुटं निगालाय?"

"पाय मोकळं करून येतो."

"शेळीचं पण?"

मी टोपी सारखी केली आणि ओढ्याची वाट धरली.

ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं. एरवी पाण्याला भिणारी शेळी त्या दिवशी माझ्यापुढं पलीकडं गेली. माझ्या चालीनं चालणारी म्हणून घेतली होती, पण साडूच्या वस्तीच्या चढाला तिनं मलाच ओढलं.

साडू अंगणात खाटेवर बसला होता. उठला नाही. तोंड मात्र गूळ खाल्ल्यासारखं झालं.

"या, पाव्हणं. वाट चुकला जणू."

"शेळी हिकडं वळली. मी मागनं आलो."

"शेळीला अक्कल हाय म्हणायची."

मेव्हणी आतून दुसरी खाट घेऊन आली. "बसा, दाजी. दूध जास्तच ठिवलंय. अक्काचा फोन आल्ता सकाळी." मी घरातून निघायच्या आधीच निघाल्याची बातमी पोचली होती.

बोकड कडुलिंबाला बांधलेला, तोंड वर करून ओठ वाकडा करत उभा. शेळीचं दावं मी मनगटाला दोन वेढे घेऊन धरलं होतं. बोलणी झाल्याशिवाय सोडायची नाही.

"बोकड दावतो की," साडू म्हणाला. "पैसा घेत न्हाय मी. फकस्त एकदा म्हणा, काळी शेळी चांगली."

"काळी शेळी काळी असती."

"त्यात काय नवीन सांगितलं?"

"वाईट हाय असं तर म्हणलं न्हाय."

"पंगतीत म्हणला हुता."

"पंगतीत म्हणलो, हुडकावी लागती. हुडकत्यात ती चांगलीच चीज असंल की."

तो खूश होणार तेवढ्यात मीच म्हणालो, "पर पांढरीला हुडकावं लागत न्हाय." झालं, पुन्हा पहिल्यापासून.

चहा आला, बशीसकट. बशी एका हातानं धरता येत नाही, म्हणून मी दाव्याचे वेढे काढून ते खाटेच्या पायाखाली दाबलं. साडू म्हणाला की त्याच्या शेळ्यांचे कान बेताचे, काट्यात अडकत नाहीत. मी म्हणालो, कान दोघींचे सारखेच. तो म्हणाला, सारखे कसे, वीतभर फरक आहे. मी म्हणालो, वीत कुणाची, तुमची का माझी? त्यानं वीत पसरून दाखवली, मी बशी मांडीवर ठेवून माझी पसरली, आणि दोघांच्या विती आम्ही एकमेकांच्या हाताला लावून बघायला लागलो.

मेव्हणी दारात उभी होती. "दाजी, बशी ठिवा खाली आणि शेळी न्या घरला," म्हणाली. "झालं तिचं."

आम्ही दोघांनी मान वळवली. दावं खाटेखालून कधीच सुटलं होतं. शेळी कडुलिंबाखाली उभी होती, शांत, तोंडात लिंबाचा पाला.

"कवा झालं?" साडूनं विचारलं.

"तुमी हात मोजत हुता तवा. दोनदा झालं."

साडू बोकडाकडं बघत राहिला. त्यानंच फितुरी केल्यासारखं. मग माझ्याकडं वळला. "म्हणजे तुमी काय म्हणलाच न्हाय."

"राह्यलं बगा."

मी बशीतला चहा संपवला. चहा चांगला होता, ते मात्र मेव्हणीला मोकळेपणानं सांगितलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. शेळी जरा ओरडली की मी बाजेवर उठून बसायचो. पण ती पाणी मागायची, मीठ मागायची, दुसरं काही नाही. पणत्या लागल्या, फराळ संपला, ओरडली नाही. एका सकाळी बायकोनं तिच्या पोटाखाली हात घालून बघितला, माझ्याकडं न बघताच "राह्यली" म्हणाली, आणि मूठभर पेंड तिच्यापुढं टाकली. आपल्या काळीच्या घमेल्यातली काढून टाकली. मी ते बघितलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला पांढरी व्याली. दोन करडं. साडू निरोप मिळताच आला, ओढ्याला पाणी नव्हतं म्हणून चपला पायातच ठेवून. आम्ही दोघं गोठ्यात वाकलो. एक करडू बांडं, पांढऱ्यावर काळे ठिपके शिंपडल्यासारखं. ते आमच्या दोघांत वाटून घेता आलं असतं. पण दुसरं तांबडं. विटेसारखं तांबडं, नाकाच्या शेंड्यापासून शेपटापर्यंत.

साडूनं टोपी काढून डोकं खाजवलं. "ह्ये कुणाचं?"

"बोकड तुमचा."

"शेळी तुमची."

शेजारच्या वस्तीवरचा एक तरणा गडी दूध घालून चालला होता. त्यानं वाकून बघितलं, मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाला, "क्रॉस हाय, काका. ह्येला काय जात न्हाय."

"जात न्हाय कशी?" साडू एकदम सरळ झाला. "माझा बोकड बघितलाईस का कवा?"

"आणि हिची आई दिसंना व्हय तुला?" मी म्हणालो.

गडी किटली उचलून चालता झाला. तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडंच बघत होतो.

बायकोनं तांबडीला उचललं, पुसलं, आणि ही पाट विकायची नाही म्हणाली. मी म्हणालो, खुंटे दोनच आहेत. ती म्हणाली, "मग गोठा वाढवा." एवढ्यावर माझी पांढरी, तिची काळी आणि कुणाचीच नसलेली तांबडी, तिघींची सोय झाली. बांडा मोठा झाला की बाजार बघेल.

नातेपुत्याहून पत्रा आणला. माझ्या गुडघ्यांना शिडी नको असं बायको म्हणाली, म्हणून साडू वर चढला आणि खिळे मारायला लागला. मी खालून दोन्ही हातांनी पत्रा धरला. तीनचार खिळे झाल्यावर त्यानं वरून सुरुवात केली, की आता जागा झालीच आहे तर चौथी शेळी उस्मानाबादीच घ्या. मला पत्रा सोडून जाता येत नव्हतं. मी तिथूनच ओरडून सांगितलं, पांढरी. त्यानं खिळा मारला आणि म्हणाला, काळी. असं सगळा पत्रा संपेपर्यंत चाललं होतं.