कौसाच्या आईचं तोंड

हे मी कुणाजवळ बोललेलो न्हाई. पोरांजवळ न्हाई, सुनेजवळ न्हाई. देवापुढं उभा राह्यलो तरी हे एवढं सोडून बाकीचं बोललो. जिला सांगायला पाहिजे होतं ती, माझी बायको कौसा, पोळ्याच्या आधी वारली. आता तुम्हाला सांगून राह्यलो. तुम्ही माझे कोण? कुणी न्हाई — म्हणूनच जमत असंल.

माझं शिक्षण चौथी. भोकरदनला स्टँडच्या मागं माझं फ्रेमचं दुकान होतं. पण लोक लांबून यायचे ते जोडफोटूसाठी. ही कम्प्युटर यायच्या आधीची गोष्ट. माणूस मरायचं अन् घरात त्याचा एकट्याचा फोटू नसायचा. कुणाच्या तरी लग्नात मागच्या रांगेत उभा, बस. मंग ते तोंड मी दाढीच्या ब्लेडीनं कापायचो. माझ्याकडं कोटवाली धडं होती, शालूतली होती, फेट्यातली होती. त्याच्यावर तोंड बसवायचं, मागं कॅलेंडरातला धबधबा. मैद्याची खळ, त्यात मोरचूद, म्हणजे कसर लागत न्हाई. जी बाई जन्मात नवऱ्याशेजारी बसली न्हाई तिला मी त्याच्या शेजारी खुर्चीत बसवायचो. बांधावर मेलेल्याला बर्फाच्या डोंगरापुढं उभा करायचो. बाया बघून रडायच्या. म्हणायच्या, आता बोलतील असं वाटतंय. एका मास्तरनं सांगितलं, ह्याला कोलाज म्हणतात, तुम्ही कलाकार आहात. मी म्हणलं, म्हणत असतील. पण खोटं कशाला बोलू — आवडलं मला. चार जणांना सांगत फिरलो.

कौसाची आई कौसा रांगत होती तेव्हाच गेली. तिला आईचं तोंड माहीत न्हाई. दुकानात मेलेल्यांचे फोटू पुसता पुसता ती एकदा म्हणली, सगळ्या गावाच्या आया केल्या तुम्ही, माझी तेवढी राह्यली. रागानं न्हाई म्हणली. पण फोटूच नव्हता तर मी कुठून करू?

आन् मंग धावड्याचे मामा आले. कौसाच्या आईचा धाकटा भाऊ. कौसाला माहेर म्हणून तेवढंच होतं. त्यांचं जुनं घर पाडताना माळवदाखालच्या पेटीत एक फोटू सापडला. जत्रेत काढलेला, पुठ्ठ्यावर चिटकवलेला. कौसाची आई नव्या लुगड्यात, अन् शेजारी दहा-बारा वर्षाचे मामा, तिचा पदर धरून. मामांनी तो उपरण्यात गुंडाळून आणला. म्हणले, "जावईबापू, कौसीला आत्ता सांगू नका. करूनच दाखवा." त्यांच्याजवळ बी बहिणीचा तेवढाच फोटू. तरी देऊन गेले.

रीत अशी, की असा फोटू आधी जालन्याला स्टुडिओत न्यायचा, त्याची कॉपी काढायची, अन् ब्लेड लावायची ती कॉपीला. अस्सलला हात लावायचा न्हाई. हे मला बराबर माहीत होतं. दुसऱ्यांच्या फोटूला मी ते कायम पाळलं. पण कॉपीत तोंड पुसट येतं. मी म्हणलं, घरचं काम आहे, अस्सलच कापू. हात बसलेला आहे आपला. पुठ्ठ्यावरून सुटावा म्हणून पाण्यात घातला. थंड पाण्यात टाइम लागतो. मी गरम घेतलं. अन् चहाला गेलो.

हॉटेलावर नेहमीची टोळी होती. मी म्हणलं, आज सासूला गरम पाण्यात बसवून आलोय. एक जण म्हणला, "लई भिजवू नको रे, चव जाईल." लई हसलो आम्ही. दुसरा चहा झाला. मंग तिसरा कुणीतरी पाजला. मी सांगत बसलो, कसा करणार, मागं कोणता बगीचा घालणार.

परत येऊन बघतो तर पाण्यावर साय धरल्यासारखं काहीतरी तरंगत होतं. बोटानं उचलायला गेलो, बोटाला चिटकून आलं. कागदावर पोरगा शाबूत होता. बाईच्या जागी पांढरं.

सांगता आलं असतं ना? मामा कसले माणूस — गेला तर गेला जावईबापू, पाण्यानं नेला, म्हणले असते. कौसा दोन दिवस बोलली नसती. बास. एवढंच झालं असतं. पण मी कलाकार होतो ना. खळ शिजवायच्या स्टोव्हवर मी राह्यलेला फोटू जाळला, पदर धरलेल्या पोरासकट.

माझ्याकडं उरलेल्या तोंडांचा एक डबा होता. लोक म्हणायचे, ह्यातला फक्त म्हातारा काढा. बाकीचे राहायचे. कौसा त्याला मुंड्यांचा डबा म्हणायची, त्याला हात लावायची न्हाई. त्यातली एक जवान बाई मी निवडली. मोठं कुंकू, डोक्यावर पदर. कोण होती? माहीत न्हाई. जित्ती बी असंल तेव्हा. चहाचं पाणी लावून तिला जुनी केली, हिरव्या लुगड्याच्या धडावर बसवली, मागं गुलाबाचा बगीचा. सफाईनं केलं. माझ्या सगळ्या कामात ते सगळ्यात चांगलं झालं, हे बी सांगतो.

कौसा रडली न्हाई. पदरानं काच पुसत राह्यली. मंग आरसा आणला, एकदा आरशात बघायची, एकदा फोटूत. म्हणली, "अहो, माझं नाक हिचंच हाय."

मी म्हणलं, "व्हय."

हा पहिला गुन्हा. इथंच थांबला असता तर हे मी सांगितलं बी नसतं कदाचित.

त्या दिवाळीला मामा आले, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन. कौसानं हाताला धरून त्यांना फोटूपुढं नेलं. मामांना तेव्हा मोतीबिंदू होता. चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. म्हणले, "ही आमची अक्का न्हाई."

कौसा हसली. "मामा, चष्मा उलटा घातला का?"

"न्हाई बाई. अक्काच्या हनुवटीवर गोंदण होतं. ही कोण हाय?"

कौसानं माझ्याकडं बघितलं. मामांनी बी बघितलं. वाईट नजरेनं न्हाई — इचारल्यासारखं. मी काहीतरी सांगावं म्हणून.

मी म्हणलं, "मामा, तुमचं वय झालं. फोटू तुम्हीच आणून दिला, त्यातलंच तोंड कापून बसवलं, अन् आता तुम्हालाच वळखंना. परवा बाजारात मी हाक मारली तर मला इचारलं, कोण रे तू." असं कधी झालं नव्हतं. तिथल्या तिथं रचलं मी. "डोळ्याचं बघा. डोक्याचं बी बघा जरा."

मामांनी चष्मा काढून हातात धरला. मंग म्हणले, "मी इचारलं? बरं. तसं असंल मंग."

भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खरं धरलं.

जेवून गेले. ते गेल्यावर कौसा भडकली. म्हणली, एवढ्या वर्षानं मला आई भेटली अन् ह्यांना बघवलं न्हाई. माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं केलीय, तो खोटं करंल का? मी ऐकत होतो. त्या दिवसापासून तिनं धावड्याला जाणं सोडलं. मामा एकदा आजारी पडल्याचा निरोप आला, तरी गेली न्हाई. मी जा म्हणलं न्हाई. मामा तिथं बोलू लागले तर? त्याच दुखण्यात ते गेले.

दहाव्याला आम्ही गेलो. मामांचा पोरगा म्हणला, बाबा शेवटी एकच धरून बसायचे, मला आता अक्काचं तोंड आठवत न्हाई, लोक म्हणतात माझं डोकं गेलंय. कौसा माझ्याशेजारी बसली होती. ती म्हणली, म्हातारपण, दुसरं काय. मी मान हालवली.

मंग कम्प्युटर आले, माझं काम बसलं, दुकान पोरानं मोबाइलचं केलं. फोटू घरात राह्यला. कौसा दर पित्राला त्या बाईपुढं ताट ठेवायची. नातीला सांगायची, माझ्या आईवर गेलीस तू. असं वर्षानुवर्षं. माणसाला सवय होते. मला बी झाली. खोटं आहे हे महिना महिना ध्यानात यायचं न्हाई.

ह्या साली ती अंथरुणाला लागली. एका दुपारी म्हणली, फोटू खाली काढा. काढून दिला. छातीवर घेऊन पडली. म्हणली, "अहो, मामा तवा म्हणले ते खरं नव्हतं ना?"

घरात कुणी नव्हतं. ती माझ्याकडं बघत होती. ह्याच्यापेक्षा सोपं कुणी इचारू शकतं का?

मी म्हणलं, "येडी का तू. तुझी आईच हाय ती."

"बरं," म्हणली. मामा म्हणले होते तसंच.

आता भिंतीवर दोघी आहेत. कौसाचा फोटू पोरानं जालन्याहून करून आणला. सून सकाळी दोघींना हार घालते. मी बाजंवर बसून बघतो. रडू येत न्हाई. काहीच येत न्हाई.

मामा गेले, कौसा गेली. कौसाच्या आईचं तोंड बघितलेला माणूस आता मी एकटाच उरलो. लई येळा आठवून बघितलं. नवं लुगडं आठवतं, पदर धरलेला पोरगा आठवतो. तोंड आठवत न्हाई. गोंदण होतं का न्हाई, ते बी सांगता येत न्हाई. मी ते नीट बघितलंच नव्हतं. पाण्यात टाकलं अन् चहाला गेलो.