बांधीतल्या सुया

पोलीस खात्यात मी थोडीच वर्षं होते. नोकरी सोडली, तरी एक प्रकरण अजून मनातून उतरलेलं नाही.

लाखांदूर तालुक्यात धानाची रोवणी चालू होती, बांध्यांत म्हणजे भातखाचरांत बाया रोपं लावत होत्या. एका गावच्या पोलीस पाटलांचा ठाण्यात फोन आला. "मॅडम, धानाच्या बांधीत दवाखान्याच्या सुया निघून राहिल्या. काल एका बाईच्या पायात घुसली. बाया आता चिखलात उतरायले तयार नाहीत."

स्टेशन डायरीत नोंद करून हवालदारांसोबत निघाले. शेताच्या कडेला धुऱ्यावर बसलेल्या बायांपैकी एक म्हणाली, "मॅडमले बूट काढा लागन." दुसरी म्हणाली, "राहू दे वं, बाई. शिकलेल्या पोरीचे पाय हायेत." पंचांसमक्ष चिखल उपसून नऊ सुया जप्त केल्या. साऱ्या एकाच शेतकऱ्याच्या दोन बांध्यांत सापडल्या. गावातला एकमेव खाजगी दवाखाना त्याच्याच घरात भाड्याने होता.

सुई टोचलेली बाई ग्रामीण रुग्णालयात होती. तिचं बाळ चार महिन्यांचं. आपल्या दुधातून त्याला रोग जाईल या भीतीने तिने कालपासून त्याला पाजलं नव्हतं. तिथले डॉक्टर म्हणाले, "खबरदारीची औषधं सुरू केलीत. पण सुई ताजी की जुनी, एवढं शोधून द्या. मग तिला काय सांगायचं ते मला ठरवता येईल."

खाजगी दवाखान्याचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आमचा कचरा नियमाने जातो. काही घोळ असेल तर आयाबाईला विचारा." बोलताना त्यांनी कपाटाचं दार पायाने लोटलं. मी ते उघडायला लावलं. आत सुया कापायचं यंत्र होतं, खोक्याची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

आयाबाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावलं. पन्नाशीच्या त्या बाईने तासभर तोंड उघडलं नाही. हवालदार कानाशी आले. "मॅडम, आवाज चढवा थोडा." आवाज चढवणं मला कधी जमलं नाही. मी जप्त केलेल्या सुया पाहत बसले. हवालदारही वाकले. ते घरचे शेतकरी. "हा चिखल नाही, मॅडम. शेण आहे."

मी विचारलं, "मावशी, दवाखान्यामागे खताचा खड्डा आहे का?"

तिने पदर तोंडाला लावला. "कचऱ्यात टाकलं तं लेकरं उचलतात. टोचन म्हनून मी खड्ड्यात खोल गाडत होती. गाडलं का संपलं, असं वाटे."

"खत शेतात जातं, हे माहीत नव्हतं?"

"माहीत कसं नाही? आमच्या घरीबी दरसाल खताच्या बैलबंड्या भरतो." तिने सुयांकडे पाहिलं. "सुयांचं ध्यानातच नाही आलं."

घरमालकाच्या जबाबातून कळलं की खड्डा वैशाखात उपसून त्याने खत त्याच दोन बांध्यांत टाकलं होतं. म्हणजे बांधीतली प्रत्येक सुई त्याआधीची. मी लगेच रुग्णालयात फोन केला. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस शेणामातीत पडलेल्या सुईतून एचआयव्हीची भीती जवळपास नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय, काविळीची लस चालू आहे. पाजू दे तिला."

निरोप मी स्वतः नेला. बाई भिंतीकडे वळली आणि बाळाला जवळ घेतलं.

आयाबाईवर गुन्हा दाखल करून मोकळं व्हावं, असं वरिष्ठांचं मत होतं. निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात मी दवाखान्याच्या डॉक्टरांना आरोपी केलं आणि तिला साक्षीदार. त्यावरून मला बरंच ऐकावं लागलं. पण तिच्या सहा वर्षांच्या नोकरीत सुया कुठे टाकायच्या, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. कोणी टाकलं, हे शोधायला आम्हाला शिकवलं होतं. टाकणाऱ्याला दुसरी जागा दिली होती का, हा प्रश्न मी त्या प्रकरणात पहिल्यांदा विचारला. पुढे प्रत्येक तपासात विचारत गेले.

जबाब वाचून दाखवला, तेव्हा स्वतःचं काय होणार, हे आयाबाईने विचारलं नाही. अंगठा शाईत बुडवून ती थांबली.

"ते लेकरू दूध पेते का, मॅडम?"

"पितंय."

मग तिने अंगठा उठवला.