मुक्या जमनीची होळी

ढाणकीजवळच्या तांड्यात जमनीला सगळे ‘मुकी’ म्हणायचे. मुकी कसली! जीभ होती चांगली, पण चार माणसं जमली की ती आत ओढली जायची. लग्नात बाया नाचायच्या आणि ही चुलीमागे. तिला शौक एकच, जुनं भरतकाम बघत हिंडायचं. सुगी संपली की भाकरी बांधायची, एसटीची खिडकी धरायची आणि कुठल्यातरी लांबच्या तांड्यावर उतरायची. तिथल्या म्हातारीने पेटी उघडली की एकाच कापडापुढे अख्खा दिवस. टाका कुठून निघाला, कुठे बुडाला, ते बोटाने पाठ करायची. ना प्रश्न, ना फोटो. लोक चारधाम करून येतात आणि त्यांना प्रसादापलीकडे काही सांगता येत नाही. हिला एक बाही आठवडाभर पुरायची.

सगळ्यात जास्त जीव जडला होता तो मुकुटबनकडच्या मैनाबाईच्या कांचळीवर. कांचळी म्हणजे बंजारा बायांची पाठीवर बंद बांधायची चोळी. ही मैनाबाईच्या आईने कवड्या-आरसे लावून भरलेली. मैनाबाई सुनांनाही हात लावू देत नसे. जमनीच्या मात्र मांडीवर ठेवायची. “तू बडबडत नाहीस वं, म्हणून,” म्हणायची.

तिथेच घात झाला. “एकटी बाईमाणूस इतक्या दूर कायले?” म्हणत नवऱ्याने, भीमसिंगने, एकदा आपला धाकटा भाऊ देवीलाल सोबत धाडला. तोंडाने साखर पेरणारा माणूस. दिवसभर जांभया देत बसला, पण डोळा कांचळीवर. पुढे एकटाच परत गेला आणि मैनाबाईला म्हणाला, “भोजाईनं नमुना काढाले मागितली. परत आणून देतो.” भोजाई म्हणजे वहिनी. जमनीचं नाव ऐकून म्हातारीने काढून दिली.

दिवाळीनंतर जमनी गेली, तर मैनाबाईने दारातच विचारलं, “तुह्या देरानं नेलेली माही कांचळी आणली का वं?”

जमनीला सगळं उमगलं, पण जीभ नेहमीसारखी आत ओढली गेली. दुसरी कुणी असती तर शपथा घेऊन बोंबलली असती. ही खाली मान घालून उभी. चोर सापडला की असाच उभा राहतो, म्हातारीने तेच धरलं आणि दार लावलं. तांड्यातांड्यांत सोयरेधायरे, बातमीला काय वेळ लागतो? नेरकडच्या तांड्यावर गेली, तिथेही कुणी पेटी उघडली नाही. तिचं हिंडणंच संपलं.

घरी बातमी पोचली तशी देवीलाल हसला. “म्हातारीले भरम झाला, दादा.” भीमसिंगने भावाचं ऐकलं. बोलणाऱ्याची बोरंही विकतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात! जमनी भांडली नाही. होळीची वाट बघत राहिली.

होळीला तांड्यात धुंड असते. वर्षभरात मुलगा झालेल्या घरापुढे खांब रोवतात, त्याला पुऱ्यांचं भांडं बांधतात. पुरुषांनी ते पळवायचं, बायांनी काठ्यांनी झोडपून राखायचं. मार खाताना पुरुषाने हसायचं. पळाला तर वर्षभर तोंड दाखवायची सोय नाही. जमनी दरवर्षी दारातून बघायची. यंदा बांबू घेऊन खांबापाशी उभी राहिली.

“अरे, आपली मुकी आली!” बाया खुशीत ओरडल्या.

देवीलाल मिशीला पीळ देत पुढे आला. पहिला तडाखा दंडावर बसला. तो हसला. दुसरा पाठीवर. “भोजाई, जरा हळू!” लोकांनी शिट्ट्या मारल्या, डफ आणखी जोरात वाजू लागला. वहिनी-दिराची थट्टा, कोण मध्ये पडणार? आणि जमनी प्रत्येक तडाख्याला त्याच्या कानाशी तेवढंच विचारत होती, “कांचळी कुठं आहे?”

तडाखा मांडीवर बसला तेव्हा त्याचं हसू गेलं. नडगीवर बसला तेव्हा तो किंचाळला, “इकली! भोजाईचं नाव सांगून आणली अन् इकली!”

डफ थांबला.

“कोणाले?”

“व्यापाऱ्याले. आता नाही ती. त्यानं तुकडे करून पिशव्याइले लावले.”

बायांच्या काठ्या खाली आल्या. प्रत्येकीच्या पेटीत आईचं काहीतरी होतंच. भीमसिंग भावाकडे बघत राहिला, मग बायकोकडे बघायची त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जमनीने सुजलेल्या देवीलालला एसटीत घातलं. मुकुटबनकडे पोचल्यावर त्याने मैनाबाईचे पाय धरले, सगळं कबूल केलं, होळीचा मारही सांगितला. म्हातारीने पाय मागे घेतले.

“होळीत तं सगळेच मारतात,” ती म्हणाली. “हासत मारतात, हासत खातात. ते मी नाही धरत.” आणि स्वतःची काठी जमनीपुढे केली. “माह्या हातात आता जोर नाही.”

इथे डफ नव्हता, शिट्ट्या नव्हत्या. देवीलालने हसून बघितलं, जमेना. जमनीने एकच ठेवून दिली. तो मटकन बसला आणि हमसून रडायला लागला. तिला कीव आली नाही. उलट, काळजात थंडावा पडला.

मैनाबाई बाजूला सरली. “ये आत. मायचा घागरा हाय अजून, तो तुले दाखवलाच नव्हता.” मग ओसरीकडे बघत म्हणाली, “याले पाणी देऊ का वं?”

जमनी उंबरा ओलांडत होती. वळलीसुद्धा नाही.

“कायले?”